पेरूगेटजवळची अभ्यासिका: चौदा महिने बसल्यावर

दरवर्षी जून उजाडला की मला गावाकडून फोन सुरू होतात. अंबाजोगाईची, परळीची, केजची मुलंमुली पुण्यात यायची असतात आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, ताईला विचारा, ती पेठेत अभ्यासिकेत बसायची. प्रश्न ठरलेले. महिना किती, एसी आहे का, वायफाय चालतं का, कॉट बेसिसवर खोली जवळपास मिळेल का. एकेकाला फोनवर अर्धं सांगून होतं नि अर्धं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. काही तक्रारी आहेत, आणि जे काका ती चालवतात त्यांनी मला वाईट दिवसांत सांभाळून घेतलंय. पेरूगेट चौकीपासून चालत पाच मिनिटं, जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीचा दुसरा मजला, एवढी खूण पुरे.

मी सेटची, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची तयारी करत होते, विषय मानसशास्त्र. पहिल्या खेपेला पेपर एकमध्ये चौदाव्या प्रश्नाशी डोकं कोरं झालं. पन्नास प्रश्न, शंभर गुण, एक तास, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. हे सगळं पाठ असूनही गोल काळा करायला हात उचलेना. एम.ए.ला माझा प्रकल्पच परीक्षेच्या चिंतेवर होता. स्पीलबर्गर यांची १९८० सालची वीस विधानांची प्रश्नावली मी कॉलेजच्या मुलांकडून भरून घेत हिंडले होते. जे लोकांच्या कागदांवर मोजलं ते स्वतःच्या छातीत धडधडताना कळलं, आणि मग दुसऱ्या खेपेसाठी मी पुस्तकांइतकाच विचार बसायच्या जागेचा केला. त्यामुळे हे परीक्षण थोडं वेगळं वाटेल. मी खुर्ची मऊ आहे का हे बघितलंच, पण चिंता असलेल्या माणसाला ती जागा काय करते हेही बघितलं.

तीन खोल्या, ५८ सीट. रस्त्याकडची खोली ११०० रुपये महिना, मधली एसीची १६००, मागची गच्चीला लागून असलेली ९००. डिपॉझिट ५००, सोडताना परत मिळतं, मला त्याच दिवशी मिळालं. सकाळी सहा ते रात्री अकरा. मुलींची रांग प्रत्येक खोलीत वेगळी. पिण्याचं पाणी चांगलं, फिल्टर वेळेवर बदलतात. वायफाय आहे, पण त्याच्या भरवशावर व्हिडिओ लेक्चर बघायला जाऊ नका.

मागच्या खोलीवर पत्रा आहे. स्वस्त म्हणून मी सुरुवातीला तिथंच बसले आणि एप्रिलमध्ये तीन आठवडे वाया घालवले. एकच परिच्छेद चार वेळा वाचायचा, पाचव्यांदा कळायचा. मला वाटायचं आपलाच आळस. नंतर हार्वर्डच्या संशोधकांचं काम हाताला लागलं. २०१६ च्या जुलैत बॉस्टनला उष्णतेची लाट आली, तेव्हा त्यांनी वसतिगृहांतल्या ४४ विद्यार्थ्यांना बारा दिवस रोज सकाळी फोनवर छोट्या चाचण्या सोडवायला दिल्या. काही मुलं एसी असलेल्या इमारतीत राहत होती, काही नसलेल्या. एका चाचणीत एसी नसलेल्यांना उत्तर द्यायला साधारण १३ टक्के जास्त वेळ लागत होता. आणि ही तरणीताठी, धडधाकट मुलं होती. मराठवाड्यातून आलेल्या आपल्याला ऊन सोसायची सवय आहे, हे खरं. पण सोसणं वेगळं नि त्या उन्हात कलमं पाठ करणं वेगळं. मार्च ते जूनचा पहिला पाऊस, मागची खोली घेऊ नका. त्याआधी आणि त्यानंतर ती सगळ्यांत छान आहे. गच्चीचं दार उघडं असतं, समोर चाफ्याचं झाड आहे.

मग एसीच घ्यावी, असं सगळ्यांना वाटतं. मी आठवडाभर बसून बघितलं. वीस जणं, दार बंद, खिडकीला प्लायवूड ठोकलेलं. दुपारी तीनला जांभयांची साथ येते. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी असलेल्या २२ जणांना एकाच खोलीत कार्बन डायऑक्साइडच्या तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवलं, दहा लाखांत ६००, १००० आणि २५०० भाग अशा. पातळी वाढली तशी निर्णय घ्यायची क्षमता घसरली, २५०० ला तर फारच. पुढच्या सगळ्या प्रयोगांत इतका परिणाम दिसला नाही, तेव्हा मी हे ब्रह्मवाक्य म्हणून सांगत नाही. पण माझ्या अनुभवाशी ते जुळलं. काकांना सांगितल्यावर ते दर दोन तासांनी दहा मिनिटं दार उघडं ठेवायला लागले. काही मुलं गार हवा जाते म्हणून कुरकुरतात. एसीची सीट घेतलीच तर त्या दहा मिनिटांत बाहेर पडा, चार पावलं चाला.

मी शेवटी रस्त्याकडच्या खोलीत स्थिरावले, आणि खरं सांगायचं ते तिथलंच आहे.

रस्त्याकडची म्हणजे आवाज. दुचाक्या, भाजीची गाडी, शाळा सुटल्याचा गलका, समोरच्या अमृततुल्यवाल्याचा स्टोव्ह. पहिल्या महिन्यात हे सगळं अंगवळणी पडलं. मग दिवाळीनंतर शेजारचा वाडा पाडायला घेतला. ब्रेकरचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. तो कानात न घुसता दातांत घुसतो. फोनमधल्या ॲपवर मी आवाज मोजला, आकडा नव्वदीत होता. ॲप काटेकोर नसतं हे मान्य, पण आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. केवढी तफावत ती!

पण त्रास नुसता आवाजाचा नव्हता. तो कधी सुरू होईल याचा पत्ता नसायचा. शांतता असली तरी मान ताठ, आता होईल, आता होईल. शेजारी लातूरची एक मुलगी बसायची, तिसऱ्या वर्षाची परीक्षा आणि सोबत राज्यसेवेची तयारी. ती एकदा वही मिटून म्हणाली, "ताई, आवाज चालू असला की मी वाचते गं. बंद झाला की वाचता येत नाही." मला अंगावर काटा आला, कारण हे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी प्रयोगशाळेत पकडलेलं होतं.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी शहरातल्या ताणावर प्रयोग केले, १९७२ साली ते एकत्र प्रसिद्ध झाले. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना खोलीत बसवायचं, साधी कामं द्यायची आणि मध्येमध्ये आवाज सोडायचा. आवाजही कसला, परक्या भाषांतलं बोलणं, टाइपरायटर, हिशेबाचं यंत्र, छपाईचं यंत्र, सगळं एकावर एक चढवून १०८ डेसिबल. गंमत अशी की आवाज चालू असताना मुलं काम बऱ्यापैकी करत होती. माणूस जुळवून घेतो. फरक पडला तो आवाज थांबल्यावर. ज्यांना तो अवचित, कधीही ऐकवला होता ती मुलं नंतर न सुटणारी कोडी लवकर टाकून द्यायला लागली, मुद्रितशोधनात त्यांच्या जास्त चुका सुटल्या. ठरलेल्या अंतराने तोच आवाज ऐकलेल्यांवर इतका परिणाम नव्हता.

आणि मग त्यांनी काही जणांना एक बटण दिलं. सांगितलं, अगदीच सहन झालं नाही तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज त्यांनीही तेवढाच ऐकला. तरी नंतर ती मुलं कोड्यांशी कितीतरी जास्त वेळ झुंजली. हाताशी बटण आहे, एवढंच पुरलं.

मी हे काकांना चहा पिताना सांगितलं. ते ऐकून घेतात, हा त्यांचा मोठा गुण. दुसऱ्या दिवशी ते स्वतः ठेकेदाराकडे गेले. ब्रेकर काही थांबणार नव्हता, पण वेळ ठरली. सकाळी दहा ते एक, दुपारी चार ते सहा. काकांनी दारावर खडूनं वेळा लिहिल्या आणि खाली लिहिलं, या वेळात कुणालाही मागच्या खोलीत बसता येईल, विचारायची गरज नाही. हिवाळा होता, पत्र्याची खोली बरी होती. मी स्वतः मोजलं, तिकडे रोज उठून जाणारी चार-पाच जणंच असायची. बाकी आम्ही जागेवरच बसलो. पण मान सैल झाली. दहाच्या आत कठीण प्रकरण, आवाजात सराव प्रश्न, एक वाजता डबा. लातूरच्या मुलीचं कोडंही त्या आठवड्यात सुटलं.

म्हणून मी अभ्यासिका निवडताना एकच गोष्ट आधी बघायला सांगते, तिथं बसणाऱ्याच्या हातात काय काय आहे. दिव्याचं बटण आपल्या टेबलावर आहे का? पंख्याचं? खिडकी कोण उघडतं? सीट ठरलेली आहे की रोज सकाळी पळत येऊन पकडायची? इथं प्रत्येक टेबलाला स्वतःचा दिवा आहे, कप्प्याला कुलूप आहे, सीट ठरलेली असते आणि टेबलावर आपल्या नावाची चिठ्ठी असते. चिंतेनं रात्री झोप न झालेल्या माणसाला सकाळी जागा मिळेल का हा आणखी एक घोर नको असतो.

याच बाबतीत काकांचं एकदा चुकलं, तेही लिहिते. वीजबिल फार आलं म्हणून त्यांनी एका मे महिन्यात सगळ्या पंख्यांची बटणं आपल्या टेबलामागच्या बोर्डवर नेली. पंखा हवा तर उठून सांगायचं. पंखे पूर्वीइतकेच चालू असायचे, तरी त्या दोन आठवड्यांत जेवढी भांडणं झाली तेवढी वर्षभरात झाली नाहीत. एका मुलीनं सीट सोडली. नंतर आमच्या दोन रांगांची बटणं परत मिळाली, खिडकीकडच्या रांगेची अजून काकांकडेच आहेत. सीट घेताना हे विचारून घ्या.

कोपऱ्यातल्या सीटला पैसे जास्त का पडत नाहीत, याचं मला नवल वाटतं. १९६६ साली कॅलिफोर्नियात फेलिपे आणि सॉमर यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात एकट्या अभ्यास करणाऱ्या मुलींच्या अगदी शेजारी खुर्ची सरकवून बसण्याचा प्रयोग केला होता. बाकी टेबलं रिकामी असताना. मुलींनी आधी कोपर आडवं केलं, पुस्तकांचा ढीग मध्ये रचला, तोंड फिरवलं, आणि बऱ्याच जणी उठून गेल्या. तोंडानं मात्र फार थोड्या बोलल्या. हे वाचताना मला आमची मधली रांग दिसत होती. तिथं खुर्च्या पाठीला पाठ लागून आहेत, मागचा उठला की आपली खुर्ची हलते. कुणी भांडत नाही, फक्त त्या रांगेत मुली टिकत नाहीत. भिंतीकडे पाठ असेल अशी सीट मागा.

स्वच्छतागृह मुलींसाठी एकच आहे. बावीस मुली. स्वच्छ असतं, रोज धुतात, पण सकाळी सात ते आठ आणि जेवणानंतर रांग लागते. या गोष्टीला लोक किरकोळ समजतात, मी समजत नाही. बॉम आणि व्हॅलिन्स यांनी १९७७ साली वसतिगृहांवर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात लांब बोळाच्या इमारतीत न्हाणीघर आणि बैठकीची जागा तीसेक जणांत वाटून घ्यावी लागणारी मुलं होती, आणि लहान गटांत राहणारी मुलं होती. माणशी जागा साधारण सारखीच. बोळातल्या मुलांना गर्दी जास्त वाटायची, ती माणसांना टाळायला लागली, प्रयोगशाळेत अनोळखी माणसापासूनही दूर बसली. पुण्यात येऊन सहा महिन्यांत अबोल झालेल्या कितीतरी मुली मी बघितल्या. घरच्यांना वाटतं अभ्यासामुळे गंभीर झाली. दिवसभर नको तेव्हा नको त्या माणसांशी गाठ पडत राहिली की हवी ती माणसंही नकोशी होतात. काका, दुसरं स्वच्छतागृह बांधा. हे मी तोंडावरही सांगितलंय.

आता फलकाबद्दल. दर रविवारी इथं सराव परीक्षा होते, फी ५०, पेपर चांगले काढलेले असतात. सोमवारी बोळात पांढऱ्या फलकावर सगळ्यांची नावं नि गुण लागतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मला हे अजिबात पटलं नाही. परीक्षेच्या चिंतेचे दोन पदर असतात हे लिबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ सालीच मांडलं. एक शरीराचा, धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा मनातल्या घोराचा, नापास झाले तर, बाबा काय म्हणतील, बाकीचे पुढे गेले. गुणांवर जास्त पाणी फिरवतो तो दुसरा. पेपर सोडवायला लागणारं लक्ष तोच खाऊन टाकतो. आणि तो फलक नेमका त्याच घोराला रोज सकाळी खतपाणी घालायचा. पाणी प्यायला जाताना तो ओलांडूनच जावं लागायचं. शेवटच्या पाचांतला एक मुलगा बाटली भरून घरूनच आणायला लागला होता.

मी काकांना म्हटलं, तर ते म्हणाले, "अगं, मुलांना जिद्द चढावी म्हणून लावतो मी."

"काका, पहिल्या दहांना चढत असेल. पण खालच्या पाच जणांनी गेल्या दोन रविवारी पेपरच दिला नाही, हाजिरी बघा."

त्यांनी वही काढून बघितली. पुढच्या सोमवारपासून फलकावर फक्त पेपरची उत्तरं लागायला लागली, गुण चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या कप्प्यात. मी सोडून आल्यावर काही मुलांच्या आग्रहानं पहिल्या दहांची नावं परत सुरू झालीत असं कळलं. शेवटच्यांची नाहीत, तेवढं तरी टिकलं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. गल्लीत दोन खानावळी आहेत, डबाही मिळतो. परीक्षा जवळ आली की मुलं जेवण सोडून चहा-क्रीमरोलवर दिवस काढतात. तसं करू नका. ओहायोत १९९८ साली दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर मुद्दाम बारीकशी जखम केली होती, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या आधी. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. अंग परीक्षेचा हिशेब ठेवतं, त्याला वरणभात तरी द्या.

गणपतीच्या दिवसांत पेठेत अभ्यास होईल ही आशा ठेवू नका. मला ढोल मनापासून आवडतो, पण मांडव खिडकीखाली आणि परीक्षा पंधरवड्यावर, असं एका वर्षी झालं. त्या दहा दिवसांची सोय आधी करा. काका त्या महिन्याची दहा दिवसांची फी पुढे वळती करतात, मागितली तर. मागा.

दुसऱ्या खेपेला मी केंद्रावर पाऊण तास आधी पोचले आणि वहीत दहा मिनिटं जे मनात येईल ते लिहून काढलं, बाबांची आठवण, पहिल्या वेळचा चौदावा प्रश्न, सगळं. रामिरेझ आणि बेलॉक यांनी २०११ साली असा प्रयोग केला होता. परीक्षेआधी आपली काळजी लिहून काढणाऱ्या घाबऱ्या विद्यार्थ्यांना चांगले गुण पडले होते. इतरांनी करून बघितलं तेव्हा दरवेळी तसं झालं नाही, त्यामुळे हा रामबाण म्हणून घेऊ नका. मला उपयोग झाला. चौदावा प्रश्न आला नि गेला, मला त्याचा क्रमांक विसाव्याला पोचल्यावर आठवला. पास झाले.

ही वही मी अभ्यासिकेतच लिहायला लागले होते, रोज सकाळी बसल्यावर पाच मिनिटं. शेजारची बघून दोघी-तिघी लिहायला लागल्या. कुणी कुणाचं वाचत नसे.

ज्यांना पेपरच्या आधी उलटी होते, रात्ररात्र झोप येत नाही, जगणं नकोसं वाटतं, त्यांनी अभ्यासिका बदलून ते जाईल अशी वाट बघू नये. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा, नाहीतर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. मी स्वतः पहिल्या नापासीनंतर समुपदेशकाकडे सहा वेळा गेले होते.

पाचपैकी किती, असं विचारलंत तर चार. कापलेला एक स्वच्छतागृहाचा. रस्त्याकडच्या खोलीत भिंतीला पाठ लागेल अशा सीट १७ आणि १८, दोन्हींची पंख्याची बटणं हाताशी आहेत. सतराव्यावर मी बसायचे. अठरावी लातूरच्या मुलीची, तिची मुख्य परीक्षा झाली की ती सोडणार आहे. काकांना आधी फोन करून ठेवा.